एका उडीची चार वर्षं

पहिल्या सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्हाला मिळालेली असाइनमेंट एवढीच होती: राखाडी जमीन, तिच्यावर एक पांढरा ठोकळा, आणि स्पेसबार दाबला की ठोकळ्याने उडी मारायची. गेम डेव्हलपमेंटची पदवी घ्यायला आलेल्या मला हे एका संध्याकाळचं काम वाटलं, आणि झालंही एकाच संध्याकाळी. माझ्या लॅपटॉपवर ठोकळा झकास उडत होता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सरांसमोर तोच प्रोग्राम चालवला, तर ठोकळा टुणकन वर गेला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली आला. उंची तेवढीच होती, पण सगळं घाईघाईने चाललं होतं.

सरांनी काही न बोलता लॅबच्या मॉनिटरची सेटिंग उघडून दाखवली. १४४ हर्ट्झ. माझ्या लॅपटॉपचा पडदा ६० हर्ट्झचा. मी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नवीन चित्र येईल तेव्हा, ठोकळा ठरावीक अंतराने सरकवत होते. लॅपटॉपवर हे सेकंदाला ६० वेळा व्हायचं, इथे १४४ वेळा. म्हणून उडी २.४ पट वेगाने उरकत होती. मग सरांनी १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सची गोष्ट सांगितली. टोमोहिरो निशिकादो यांनी तो गेम बनवला तेव्हा त्या काळच्या प्रोसेसरला पडद्यावरचे सगळे शत्रू काढता काढता दम लागायचा. शत्रू मरत गेले की कामाचा बोजा कमी व्हायचा आणि उरलेले शत्रू आपोआप जोरात सरकायला लागायचे. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं, कारण त्यामुळे शेवटच्या शत्रूमागे धावताना खेळणाऱ्याचा श्वास अडकायचा. "त्यांनी तो वेग ओळखला आणि मुद्दाम ठेवला," सर म्हणाले. "तुला तुझ्या उडीचा वेग कुठून येतोय तेच माहीत नव्हतं. फरक एवढाच आहे."

हे वाक्य मी पुढे चार वर्षं बरोबर घेऊन फिरले. ही पदवी कशी असते असं कोणी विचारलं की मला अभ्यासक्रमातल्या विषयांची यादी आठवत नाही, ती उडी आठवते. दर वर्षी मी तिच्याकडे परत गेले आणि दर वर्षी तिच्यात नवीन काहीतरी चुकलेलं सापडलं.

त्या दिवशीची दुरुस्ती सोपी होती. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजायचं, त्याला डेल्टा टाइम म्हणतात, आणि प्रत्येक हालचालीला त्याने गुणायचं. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असताना, एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.६७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात बटणं वाचायची, जग पुढे सरकवायचं, धडका तपासायच्या, चित्र काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. याला गेम लूप म्हणतात. कितीही मोठा गेम असला तरी आत हाच रहाट फिरत असतो, हे कळलं त्या दिवशी मला फार मोठं काही हाती लागल्यासारखं झालं. लहानपणापासून जे जग जिवंत वाटत आलं होतं, ते सेकंदाला साठ वेळा नव्याने मांडलं जात होतं.

पहिल्या वर्षी आम्हाला तयार इंजिन, म्हणजे गेम बनवायचं आयतं सॉफ्टवेअर, वापरायची परवानगी नव्हती. सी प्लस प्लस ही भाषा आणि एसडीएल नावाची एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, एवढ्याच सामग्रीवर सगळं उभं करायचं. वर्गात यावर बरीच कुरकुर झाली. बाहेर शाळकरी मुलं युनिटी आणि गोडो या इंजिनांमध्ये आठवड्याभरात गेम बनवतात आणि आम्ही पडद्यावर एक चौकोन यावा म्हणून तीन दिवस घालवतोय, असं सगळ्यांचं म्हणणं. मीही त्यात होते. आज माझं मत अगदी उलट आहे. त्या वर्षी मी एक गोळी बनवली होती, सेकंदाला ३०० मीटर जाणारी. ती भिंतीला लागायचीच नाही, सरळ आरपार निघून जायची. दोन रात्री डोकं आपटल्यावर लक्षात आलं, की ६० एफपीएसला ती एका फ्रेममध्ये ५ मीटर जाते आणि भिंत आहे २० सेंटीमीटर जाडीची. एका फ्रेमला गोळी भिंतीच्या अलीकडे असते, पुढच्या फ्रेमला पलीकडे. मधल्या क्षणी ती कुठे होती हे कोणी विचारलंच नव्हतं. याला टनेलिंग म्हणतात आणि इंजिनात त्यावरचा उपाय एका टिकमार्कवर मिळतो. पण तो टिकमार्क नेमकं काय करतो आणि त्याची किंमत काय पडते, हे मला कळतं ते त्या दोन रात्रींमुळे. कोणाला या वाटेने जायचं असेल तर मी कळकळीने सांगेन, एकदा तरी इंजिनाशिवाय काहीतरी बनवा, कितीही लहान असू दे.

दुसऱ्या सेमिस्टरला गणित आलं आणि वर्गातले काही जण गळाले. गेम खेळायला आवडतात म्हणून आलेल्यांना व्हेक्टर, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती हा धक्काच होता. मला स्वतःला शाळेत गणिताची धास्ती होती, ती इथे हळूहळू गेली, कारण प्रत्येक सूत्राचं काहीतरी लगेच डोळ्यांना दिसायचं. पहारेकऱ्याला खेळाडू दिसतो की नाही हे ठरवायचं होतं. पहारेकरी ज्या दिशेला तोंड करून उभा आहे तो एक व्हेक्टर, म्हणजे दिशा आणि लांबी असलेला बाण, त्याच्यापासून खेळाडूकडे जाणारा दुसरा. दोन्हींची लांबी १ केली आणि डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोघांच्या दिशा किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढला. उत्तर ०.५ पेक्षा जास्त आलं, तर खेळाडू त्याच्या नजरेच्या दोन्ही बाजूंच्या ६० अंशांच्या आत आहे. उत्तर ऋण आलं, तर तो पाठीमागे आहे. मी पहारेकऱ्याच्या मागून पाय न वाजवता गेले आणि तो वळला नाही, तेव्हा लॅबमध्ये एकटीच असूनही मी टाळी वाजवली होती.

याच सेमिस्टरला मी उडीकडे परत गेले. तोपर्यंत माझ्या ठोकळ्याला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण होतं, ९.८. शास्त्रानुसार अगदी बरोबर, आणि खेळायला अगदी वाईट. ३ मीटर उंच उडी मारली की वर पोचायला ०.७८ सेकंद आणि तेवढाच वेळ खाली यायला. ठोकळा फुग्यासारखा तरंगायचा. मी आकडे अंदाजाने वरखाली करत बसले होते. शिकवणाऱ्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू गुरुत्वाकर्षण का ठरवतेस? तुला काय हवंय ते ठरव. किती उंच जायचंय आणि किती वेळात?" मी म्हटलं, ३ मीटर, ०.४ सेकंदात. मग त्यांनी कागदावर मांडलं: दुप्पट उंचीला वेळेने भागलं की सुरुवातीचा वेग मिळतो, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. दुप्पट उंचीला वेळेच्या वर्गाने भागलं की गुरुत्वाकर्षण मिळतं, ३७.५. पृथ्वीच्या जवळजवळ चौपट. आकडे भरले, स्पेसबार दाबला आणि ठोकळा पहिल्यांदाच मनासारखा उडाला. हेच समीकरण मी शाळेत पाठ केलेलं होतं. फक्त ते उलट्या बाजूने सोडवता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मी २.८ मीटर उंचीवर एक फळी ठेवली होती. ३ मीटर उडणाऱ्या ठोकळ्याला ती सहज मिळायला हवी. माझ्याकडे मिळायची. एका मैत्रिणीच्या जुन्या मशीनवर मात्र ठोकळा फळीला डोकं लावून परत यायचा, दर वेळी. डेल्टा टाइमने सगळं गुणलेलं होतं, तरीही. आम्ही दोघींनी हातात वही घेऊन एक एक फ्रेम मांडली. मी आधी वेग कमी करत होते आणि मग त्या कमी झालेल्या वेगाने जागा बदलत होते. त्यामुळे दर फ्रेमला थोडी थोडी उंची हरवायची. ६० एफपीएसला उडी २.८७५ मीटरवर थांबायची, तिच्या मशीनवर ३० एफपीएस मिळायचे आणि तिथे २.७५ वरच. फळी बरोबर या दोन आकड्यांच्या मधे होती. म्हणजे गेम पूर्ण करता येईल की नाही, हे खेळणाऱ्याच्या कौशल्यावर ठरत नव्हतं, त्याच्याकडे कुठला संगणक आहे यावर ठरत होतं. मला हे फार लागलं. मग भौतिकशास्त्राचा भाग ठरावीक अंतराने चालवायचा, पडद्याचा वेग काही का असेना, हे शिकले. तयार इंजिनंही तेच करतात. युनिटीत ते अंतर मुळात ०.०२ सेकंद ठेवलेलं असतं. तो आकडा मी नंतर शंभरदा पाहिला आणि दर वेळी मला ती फळी आठवली.

बाकीच्या विषयांबद्दल थोडक्यात सांगते. इतिहासाच्या पेपरात १९६२ ला एमआयटीत पीडीपी-१ या संगणकावर चाललेल्या स्पेसवॉरपासून सुरुवात झाली आणि १९७२ चा पाँग, १९८४ चा टेट्रिस असं करत पुढे गेलो. १९९३ च्या डूमचा सोर्स कोड १९९७ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तो आम्ही वर्गात वाचला. दुसऱ्याचा चांगला कोड वाचणं हा अभ्यासच आहे, हे तिथे समजलं. ऑडिओचा पेपर एकच सेमिस्टर होता, तो दोन हवा होता. ग्राफिक्समध्ये शेडर, म्हणजे पडद्यावरचे रंग आणि प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम, शिकलो. मार्केटिंगच्या पेपरातलं मला आज फारसं काही आठवत नाही.

डिझाइनचा वर्ग मात्र वेगळा होता. तिथे पहिला महिनाभर संगणक उघडायचाच नाही असा नियम. कागद, फासे, पत्ते, बटणं, एवढ्यावर खेळ बनवायचे आणि दुसऱ्या गटाला खेळायला द्यायचे. नियम तोंडी समजावून सांगायचे नाहीत, कागदावर जे लिहिलंय तेवढंच. आमच्या गटाने चार पानी नियम लिहिले होते. समोरच्या गटाने त्यातलं दुसरं पान वाचलंच नाही आणि तरी अर्धा तास मजेत खेळले, स्वतःचेच नियम लावून. याच वर्गात एमडीए (मेकॅनिक्स, डायनॅमिक्स, एस्थेटिक्स) शिकलो. रॉबिन हुनिके, मार्क लब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ मध्ये मांडलेला विचार. बनवणारा नियमांपासून निघतो, नियमांतून खेळाची चाल तयार होते आणि चालीतून भावना. खेळणारा मात्र उलटीकडून येतो. त्याला आधी भावना भेटते. नियम त्याला कदाचित कधीच दिसत नाहीत. फळ्यावर हे वाचताना मी मान डोलावली होती. खरं पटलं ते तिसऱ्या वर्षी.

तिसऱ्या वर्षी सहा जणांची टीम आणि वर्षभराचा एकच प्रोजेक्ट. दोन प्रोग्रामर, दोन आर्टिस्ट, एक डिझायनर, एक साउंडवाला. आता इंजिन वापरायची मुभा होती, आम्ही युनिटी घेतलं, म्हणजे कोड सी शार्पमध्ये. गेम होता एका दिवा घेऊन चालणाऱ्या मुलीचा, पडक्या किल्ल्यातून वर वर चढत जाणाऱ्या. उड्यांचा खेळ, म्हणून उडीचं काम माझ्याकडे आलं. सप्टेंबरमध्ये आम्ही बारा लेव्हल ठरवल्या. मार्गदर्शक मॅडमनी कागद पाहिला आणि विचारलं, "तीन का नाहीत?" आम्हाला तो अपमान वाटला.

टीममध्ये काम करताना पहिली मोठी पडझड झाली ती मैत्रीमुळे किंवा भांडणामुळे नाही, फाइलमुळे. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सगळ्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोघांनी एकाच कोडच्या फाइलमध्ये बदल केले तर ते बहुतेक वेळा जुळवता येतात. युनिटीतल्या सीनची, म्हणजे लेव्हलच्या मांडणीची, फाइलही अक्षरांचीच असते, पण ती माणसाने वाचावी म्हणून लिहिलेली नसते. पहिल्या डेमोच्या दोन दिवस आधी आमच्या डिझायनरने फळ्या हलवल्या आणि त्याच दुपारी एका आर्टिस्टने त्याच सीनमध्ये दिव्यांचा प्रकाश बदलला. दोघांनीही आपापलं काम पुश केलं, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक जागी चढवलं. ते मर्ज करताना, म्हणजे एकत्र जुळवताना, मी कुठली बाजू ठेवायची ते चुकीचं निवडलं आणि तिचं सहा तासांचं प्रकाशाचं काम सीनमधून गेलं. गिटमध्ये जुनं सगळं असतं म्हणून ते परत मिळालं, पण मिळेपर्यंतची संध्याकाळ मी विसरणार नाही. ती शांतपणे बसली होती, काही बोलत नव्हती. तेव्हापासून नियम केला: सीन उघडायच्या आधी ग्रुपवर "किल्ला २ माझ्याकडे" असं टाकायचं, काम झालं की "सोडला" असं. आणि सीनचे तुकडे करून वेगवेगळे प्रीफॅब, म्हणजे स्वतंत्र फाइलमधले सुटे भाग, करायचे. कुठल्याही पुस्तकापेक्षा ही दोन शब्दांची शिस्त आमच्या कामी आली.

जानेवारीत बारापैकी चार लेव्हल अर्ध्या झाल्या होत्या आणि एकही पूर्ण नव्हती. मग बसून कापाकापी केली. बाराच्या सहा, सहाच्या चार, शेवटी तीन. ज्या लेव्हल गेल्या त्यांत किल्ल्याच्या माथ्यावरची बाग होती. तिची चित्रं आमच्या दुसऱ्या आर्टिस्टने सुट्टीत काढली होती, चाळीसेक तरी असतील. वेल, तुटलेले कठडे, पाण्याचं टाकं, टाक्यात पडलेलं चंद्राचं प्रतिबिंब. ती म्हणाली, "ठीक आहे, नाहीतर काहीच पूर्ण होणार नाही." आणि फोल्डरचं नाव बदलून "नंतर" असं केलं. मॅडमनी सप्टेंबरमध्ये तीन का म्हटलं होतं ते आम्हाला तेव्हा उमगलं. हे शिकायला चार महिने आणि चाळीस चित्रं खर्ची पडली, याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिली लेव्हल खेळण्याजोगी झाल्यावर प्लेटेस्ट सुरू झाले. नियम एकच: बनवणाऱ्याने मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मदत करायची नाही, समजवायचं नाही, हसायचंही नाही. फक्त पाहायचं आणि लिहायचं. आमच्या तिसऱ्याच खेळाडू होत्या लायब्ररीतल्या मॅडम. त्यांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नव्हता, आणि आम्हाला तसंच कोणीतरी हवं होतं.

पहिल्या दोन फळ्या त्यांनी पार केल्या. तिसऱ्या फळीपाशी दरी होती. त्या धावत कडेपर्यंत जायच्या, बटण दाबायच्या आणि मुलगी उडी न मारता सरळ खाली पडायची. एकदा, दोनदा, पाचदा. "अगं, मी दाबतेय गं, पण ही उडतच नाहीये," त्या म्हणाल्या. मी वहीत लिहिलं: बटण उशिरा दाबतात. सातव्यांदा त्यांनी कंट्रोलर दोन्ही हातांनी घट्ट धरला, पुढे वाकल्या, जीभ दातांत धरली. पुन्हा पडली. अकराव्यांदा त्यांनी कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नाही जमत मला. माझंच काहीतरी चुकतंय."

माझा कोड बरोबर होता. पाय जमिनीवर असतील तरच उडी, हा नियम चोख पाळला जात होता. आणि तरी एक माणूस माझ्या गेमसमोरून स्वतःला दोष देत उठला होता. मला त्यांना सांगायचं होतं की मॅडम, तुमचं काही चुकत नाहीये. नियमाप्रमाणे गप्प राहिले.

त्या रात्री मी खेळाडू बटण कधी दाबतो आणि पाय जमिनीवरून कधी सुटतात, दोन्ही वेळा नोंदवून ठेवणारा छोटा कोड लिहिला. पुढचे सहा खेळाडू बसवले. नोंदी पाहिल्या तर हुकलेल्या उड्यांपैकी बहुतेक बटणं कडा सुटल्यानंतर तिसऱ्या ते पाचव्या फ्रेमला दाबलेली होती. म्हणजे ५० ते ८३ मिलिसेकंद उशिरा. एवढा उशीर डोळ्यांना दिसत नाही. चित्र पडद्यावर यायलाच थोडा वेळ लागतो, ते डोळ्यांनी पाहून बोटापर्यंत पोचायला आणखी. खेळाडूच्या मनात तो कडेवरच असतो. माझ्या गणितात तो हवेत गेलेला असतो. दोघंही आपापल्या जागी खरे.

यावरचा उपाय जुना आहे आणि या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कायोटी टाइम म्हणतात. कडा सुटल्यावरही थोडा वेळ उडी चालू द्यायची. २०१८ च्या सेलेस्ट या उड्यांच्या गेममध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची आहे, म्हणजे ६० एफपीएसला सहा फ्रेम. मी तेवढीच ठेवली. कोडमध्ये त्या आकड्याला मी नाव दिलं उशीरमाफी. त्याचंच भावंड म्हणजे जमिनीला पाय लागायच्या जरा आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवायचं आणि पाय टेकताच उडी द्यायची. त्याला नाव दिलं घाईमाफी. दोन्ही मिळून पंधरा ओळींचा कोड असेल. शिवाय बटण लवकर सोडलं तर उडी बुटकी, धरून ठेवलं तर उंच, हेही घातलं. साउंडवाल्या मित्राने पाय टेकण्याचा आवाज तीन प्रकारे करून दिला, दगडावर, लाकडावर, गवतावर, आणि उडी अचानक वजनदार झाली. आकडा एकही बदलला नव्हता.

पुढच्या आठवड्यात नवीन खेळाडू आले. दरीपाशी एकही जण अडला नाही आणि उडी सोपी झाल्याचं एकाच्याही लक्षात आलं नाही. एक मुलगा म्हणाला, "कंट्रोल मस्त आहेत." वहीत ते वाक्य मी दोनदा लिहिलं. ज्या कामासाठी आपण रात्री जागलो ते कोणाला दिसूच नये आणि तरी हाताला कळावं, असं दुसरं कुठलं काम असेल, मला माहीत नाही.

शेवटच्या वर्षी आम्ही सहाही जणांनी तोच गेम पुढे न्यायचं ठरवलं. ते वर्ष बरंचसं रिपोर्ट, व्हायव्हा आणि पोर्टफोलिओत गेलं. नोकरीच्या मुलाखतींमध्ये मला मार्कांबद्दल जवळजवळ कोणी विचारलं नाही. गेम चालवून दाखव, यातलं तू काय केलंस आणि का केलंस, हेच सगळीकडे. मी दर ठिकाणी त्या नोंदी आणि उशीरमाफी दाखवली. हेही सांगायला हवं, की आमच्यातले दोघं आज गेम बनवत नाहीत. एक जण वैद्यकीय प्रशिक्षणाची सिम्युलेशन्स करतो, दुसरी वेबकडे गेली. या क्षेत्रात नोकऱ्या कमी आणि इच्छुक फार, आणि कामाचे तास कधी कधी माणसाला पिळून काढतात. हे पहिल्याच वर्षी वर्गात स्पष्ट सांगायला हवं होतं असं मला वाटतं.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. आमचा गेम दर काही सेकंदांनी किंचित अडखळायचा. सरासरी ६० एफपीएस, पण मधेच एक ठेच. प्रोफायलर, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन, लावलं तर बहुतेक फ्रेम ९-१० मिलिसेकंदांच्या आणि मधेच एक ४० ची. मी दर फ्रेमला गोळा केलेल्या ठिणग्यांचा आकडा अक्षरांत जोडून नवीन स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, बनवत होते, आकडा बदललेला असो वा नसो. जुन्या स्ट्रिंगांचा कचरा मेमरीत साठायचा आणि गार्बेज कलेक्टर तो उचलायला आला की खेळ थबकायचा. आकडा बदलेल तेव्हाच स्ट्रिंग करायची, एवढ्याने ठेच गेली. ठेच नेमकी उडीच्या मधे आली की खेळाडू पडायचा, म्हणून हेही अखेर उडीचंच काम होतं.

मे महिन्यात शेवटचा प्लेटेस्ट झाला. त्यात आमच्यापेक्षा दोन वर्षं मागे असलेली एक विद्यार्थिनी आली होती, ती एकाच हाताने खेळते. बटणं बदलता येतात का, हा तिचा पहिला प्रश्न. येत होती, ते आम्ही केलं होतं. तिने सगळं उजव्या बाजूला घेतलं. पण उजव्या अंगठ्याला कंट्रोलरच्या काठीवरून उचलून बटणावर न्यायला वेळ लागायचा आणि माझी सहा फ्रेमची माफी तिला पुरत नव्हती. दुसऱ्या लेव्हलच्या जिन्यापाशी ती सारखी पडत होती. तिने मागे वळून विचारलं, "हा वेळ वाढवता येईल का?"

नियम मोडून मी बोलले. म्हटलं, दहा मिनिटं दे. उशीरमाफी हा एक आकडाच होता. तो सेटिंगच्या पानावर आणला, खाली एक पट्टी काढली, ०.१ पासून ०.५ सेकंदांपर्यंत. आठ मिनिटांत झालं. चार वर्षांत मी लिहिलेला सगळ्यात लहान बदल असेल. तिने पट्टी सरकवून पाहिली, ०.३ वर खेळली, ते तिला फार सैल वाटलं, मग ०.२५ वर आणली. जिना पार झाला. मग ती बोलायची थांबली आणि नुसती खेळत राहिली. तिसऱ्या लेव्हलमध्ये तिने एक अशी वाट काढली जी आम्हा सहा जणांपैकी कोणालाही दिसली नव्हती, कमानीच्या वरून.

शेवटची फळी आली, दिवा घेतलेली मुलगी बुरुजावर चढली, पडदा हळूहळू उजळला आणि आमची नावं आली. ती तशीच पडद्याकडे बघत राहिली.

"वर काय आहे?" तिने विचारलं. "बुरुजाच्या वर?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग आमच्या आर्टिस्टने खुर्ची तिच्या शेजारी ओढली, आपला लॅपटॉप उघडला आणि "नंतर" नावाचं फोल्डर काढलं. वेल, कठडे, पाण्याचं टाकं. दोघी एक एक चित्र पाहत होत्या, ती मधेच पडद्यावर बोट ठेवून विचारत होती, इथून इथे उडी जाईल का, आणि आर्टिस्ट माझ्याकडे न बघता तिला उत्तरं देत होती. मी मागे बसून वहीत त्या उड्यांची अंतरं लिहून घेत होते.